लूर्दचा झरा आणि डॉक्टरांची वही

मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर मोतमाउलीचे चर्च आहे. सप्टेंबरात तिथे जत्रा भरते, तेव्हा रस्त्याच्या कडेला मेणाचे हात, पाय, बाहुल्या विकायला मांडलेल्या असतात. ज्याचे जे दुखते त्या आकाराचे मेण माउलीला वाहायचे. ख्रिस्ती जातात, तसे हिंदूही जातात. नवस म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणून आजची हकीकत फ्रान्समधली असली तरी ती परकी वाटणार नाही.

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी लूर्द नावाचे गाव आहे. तिथे ११ फेब्रुवारी १८५८ रोजी बर्नादेत सुबिरू नावाची १४ वर्षांची मुलगी सरपण वेचायला नदीकाठी गेली. बाप पाणचक्कीवर दळण दळणारा. धंदा बुडाला आणि सारे कुटुंब जुन्या तुरुंगातल्या एका कोंदट खोलीत येऊन राहिले. पोरीला दमा. अक्षरओळख नाही, फ्रेंचही धड येईना. बोलायची ती आपली गावची बोली. नदीकाठच्या कपारीत तिला एक शुभ्र वस्त्रातली स्त्री दिसली. १६ जुलैपर्यंत असे १८ वेळा घडले. २५ फेब्रुवारीला तिने कपारीतली माती हाताने उकरली आणि तिथले गढूळ पाणी तोंडाला लावले. पोरीला वेड लागले, असे बघे म्हणाले. मग तेच पाणी नितळ होऊन वाहू लागले.

१ मार्चला शेजारच्या खेड्यातून कातरीन लातापी नावाची बाई आली. दिवस भरलेले, आणि सुमारे दीड वर्षापूर्वी झाडावरून पडल्यामुळे हाताची बोटे वळेनाशी झालेली. तिने हात पाण्यात घातला, बोटे मोकळी झाली. घरी परतली आणि त्याच दिवशी बाळंतही झाली! पुढे १८६२ मध्ये बिशपांनी जे ७ गुण खरे मानले, त्यांत ही हकीकत आहे.

आता शिक्षक बंधुभगिनींनी इथे जरा थांबावे. त्याच वर्षी तुलूझच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने ते पाणी तपासले. निघाले काय? साधे पिण्याचे पाणी. गंधक नाही, औषधी क्षार नाहीत. सरकारने तर फळ्या ठोकून कपार बंदही केली होती. अखेर बादशहा तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमाने ती उघडली. पाण्यात औषध नाही हे उघड झाल्यावरही लोक येतच राहिले. १८६६ मध्ये आगगाडी आली आणि फ्रान्सच्या कानाकोपऱ्यातून आजारी माणसे येऊ लागली.

गर्दी म्हटली की भाबडेपणा आला, लबाडीही आली. म्हणून १८८३ मध्ये तिथे डॉक्टरांची कचेरी उघडली. मला तरी या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. बरे झालो म्हणणाऱ्याने तिथे जाऊन तपासून घ्यायचे. तपासायला कोणत्याही धर्माचा, किंवा कोणताच धर्म न मानणारा डॉक्टर बसू शकतो. आजार गंभीर होता काय, निदान पक्के होते काय, औषधाने गुण आला नाही ना, एकाएकी बरे वाटले काय, पुढे टिकले काय, असे सगळे विचारतात. वर्षानुवर्षे वाट पाहतात. डॉक्टर ‘चमत्कार’ हा शब्द उच्चारत नाहीत. आजच्या ज्ञानाने उलगडा होत नाही, एवढेच लिहितात. पुढचा निर्णय त्या माणसाच्या प्रांताच्या बिशपाचा. आजवर ७,००० हून अधिक दावे नोंदले गेले. मान्य किती झाले? २०२५ पर्यंत ७२.

१९०२ साली लियाँचा एक तरुण डॉक्टर यात्रेकरूंच्या गाडीबरोबर गेला. त्याचे नाव आलेक्सी कारेल. पोटाच्या क्षयाने मरणाला टेकलेली एक मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत काही तासांत सुधारली. त्याने पाहिले ते सांगितले, आणि व्यवसायबंधूंचा रोष ओढवून घेतला. पुढे तो अमेरिकेला गेला, १९१२ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, ते रक्तवाहिन्या शिवण्याच्या कामाबद्दल. गंमत अशी, की त्या मुलीची हकीकत चर्चच्या यादीत नाहीच!

मग बाकीच्या लाखोंचे काय? ते आजार घेऊनच परततात. त्यांच्या यात्रेबरोबर डॉक्टर असतात, परिचारिका असतात. औषध टाकून या असे कुणी सांगत नाही. दुपारच्या मिरवणुकीत आजाऱ्यांना मानाची जागा असते, आणि त्यांच्या गाड्या ओढायला धडधाकट माणसे आपल्या खर्चाने आलेली असतात. घरी ज्याला कोपऱ्यातल्या खाटेवर पडून राहावे लागते, त्याला इथे वाट करून देतात.

आणि बर्नादेत? ज्या वर्षी लूर्दला आगगाडी आली त्याच वर्षी ती गाव सोडून नेव्हेरच्या मठात गेली, ती पुन्हा कधी परतली नाही. मठात ती आजाऱ्यांची शुश्रूषा करी. दमा तर होताच, पुढे क्षय झाला. १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, ती त्याच दुखण्याने गेली.