मतमोजणीच्या आधी

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे छोटे शहर आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तिथे कृष्णवर्णीयांसाठी शिक्षणसंस्था वाढवली, म्हणून त्याचे नाव आपल्याकडेही पोहोचले. १९५७ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून या शहराची हद्द बदलली. तोवर नकाशावर ते चौकोनी दिसे. नव्या हद्दीला २८ बाजू होत्या. त्या २८ बाजूंनी शहरातल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळ्यांना हद्दीबाहेर काढले. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. कुणाचे घर हलले नाही, मतदारयादीतले नावही कागदोपत्री खोडले नाही. फक्त नगरपालिकेच्या निवडणुकीपुरते हे लोक शहराचे राहिले नाहीत. टस्कीगी संस्थेतले समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन आणि त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

वंशसमता आणि शासनातील न्याय्य प्रतिनिधित्व या अभ्यासक्षेत्राकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाला मी आधी टस्कीगीचा नकाशा दाखवतो. या विषयाची ओळख आपल्याला बहुधा मोर्चांमधून आणि भाषणांमधून झालेली असते. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर मताधिकारासाठीच्या मोर्चावर झालेला लाठीमार आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेला मताधिकार कायदा इथवरची कथा सर्वांना ठाऊक असते. खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो. मत देता येऊ लागले, तरी त्या मताने कुणी निवडून का येत नाही, हा त्यापुढचा प्रश्न.

मोबील हे अलाबामाचेच बंदराचे शहर. १९११ पासून तिथला कारभार तीन आयुक्तांच्या हाती होता आणि तिघांनाही संपूर्ण शहर मिळून निवडून देई. शहरात कृष्णवर्णीयांची वस्ती एकतृतीयांशाच्या आसपास. गोरे मतदार एकगठ्ठा गोऱ्या उमेदवाराला मत देत, त्यामुळे कृष्णवर्णीय आयुक्त एकदाही झाला नाही. इथे वेडीवाकडी हद्द नव्हती, प्रभागच नव्हते. कागदावर सगळे स्वच्छ. याविरुद्धच्या दाव्यात १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की परिणाम दाखवून भागणार नाही, भेदभावाचा हेतू होता हे सिद्ध करा. सत्तर वर्षांपूर्वीच्या आमदारांच्या मनात काय होते हे कसे सिद्ध करायचे? पण इतिहासकार पेटन मॅक्रेरी यांच्या दप्तरशोधातून मोबीलचे वकील फ्रेडरिक ब्रॉम्बर्ग यांनी १९०९ मध्ये विधिमंडळाला लिहिलेले पत्र पुढे आले. अशिक्षितांना मतदानातून वगळायचे आहे हे आपण वरवर सांगतो, खरा रोख कृष्णवर्णीयांवर आहे, अशी सरळ कबुली त्यात होती. फेरसुनावणीत हेतू सिद्ध झाला आणि १९८५ मध्ये प्रभागवार निवडणूक होऊन कृष्णवर्णीय नगरसेवक सभागृहात पोहोचले. दरम्यान १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मताधिकार कायदाच दुरुस्त केला होता. हेतू नसला तरी परिणाम पुरेसा ठरला. मला विचाराल तर या क्षेत्रातला सर्वांत मोठा टप्पा १९६५ नव्हे, १९८२ आहे.

नंतरचे चित्र उलटे. १९९० च्या जनगणनेनंतर नॉर्थ कॅरोलायनात कृष्णवर्णीय बहुमताचा एक मतदारसंघ महामार्गाच्या कडेकडेने सुमारे १६० मैल लांब काढला गेला. १९९३ मध्ये न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी त्याच्या आकारावरच बोट ठेवले. टस्कीगीत वाकडी रेष वगळण्यासाठी होती, इथे सामावून घेण्यासाठी. आणि मोबीलमध्ये एकही रेष न ओढता काम झाले होते. म्हणून नकाशाच्या सुबकतेवर विसंबू नका. अल्पसंख्याकांच्या मतांचे शेवटी काय होते, ते पाहा.

अमेरिकेत राखीव जागा नाहीत, त्यामुळे तिथली सगळी लढाई सीमारेषांवर येऊन ठेपते. तिच्यातून बाहेर पडण्याची एक वाट अलाबामातल्याच चिल्टन परगण्याने दाखवली. १९८८ मध्ये तिथल्या परगणा मंडळाच्या सात जागांसाठी प्रत्येक मतदाराला सात मते मिळाली, आणि ती सातही एकाच उमेदवाराला देण्याची मुभा मिळाली. कृष्णवर्णीय लोकसंख्या जेमतेम आठवा हिस्सा. त्यांनी आपली मते बॉबी एगी यांच्यामागे एकवटली आणि ते निवडून आले. कायद्याच्या प्राध्यापक लॅनी गिनियर यांनी अशा एकत्रित मतदानाची बाजू विद्वत्तेने मांडली होती; त्यांच्या लिखाणावर असा गदारोळ उठला की १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी न्याय खात्यासाठीचे त्यांचे नामांकन मागे घेतले.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात राखीव जागा असलेल्या मतदारसंघांत हीच एकत्रित मतदानाची पद्धत होती. पुणे करारानंतर स्वतंत्र मतदारसंघ गेले, संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा आल्या. तेव्हा दलित मतदाराला आपली सगळी मते आपल्या माणसाला देता यावीत, ही सोय मोलाची होती. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या वर्षी लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या दोन सदस्यांच्या मतदारसंघात मात्र नियम वेगळा होता: मते दोन, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येणार नाहीत. हजारो मते बाद ठरली, बाबासाहेब हरले आणि समाजवादी उमेदवार अशोक मेहता यांच्यासह त्यांनी निवडणूक याचिका दाखल केली. नियम जुना असता तर निकाल फिरला असता का, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. आणि जात व वंश एकच नव्हेत, हे भानही ठेवायला हवे. तरी साम्य खुद्द बाबासाहेबांना दिसले होते. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागवली होती.

आपल्या माणसासारखा दिसणारा प्रतिनिधी आणि आपल्या हिताचे काम करणारा प्रतिनिधी यांतला फरक राज्यशास्त्रज्ञ हॅना पिटकिन यांनी १९६७ च्या ग्रंथात उलगडला आहे. तो वाद इथे लांबवत नाही. पण सभागृहात कुणीच नसताना हा वाद घालणे सोपे असते, एवढे म्हणून ठेवतो.

सुरुवात मताधिकारविषयक साउथबरो समितीपुढील आंबेडकरांच्या १९१९ च्या निवेदनापासून करा, मग गिनियर वाचा, मग मोबीलचा निकाल. कायद्याची पदवी लागत नाही. नकाशा वाचता यावा आणि बेरीज-वजाबाकीचा कंटाळा नसावा. प्रभागरचनेवर हरकती-सूचना दाखल केलेल्या माणसाला तर अर्धा विषय आधीच येतो. मुंबई इलाख्याचे १९३७ चे मतदारसंघनिहाय आकडे आणि चिल्टनचे १९८८ चे आकडे शेजारी-शेजारी मांडून एखाद्या मराठी विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा, ही माझी विनंती आहे.