आयसीआरसी लस

आयसीआरसी लस : कुष्ठरोगाच्या प्रतिबंधासाठी मुंबई येथील कर्करोग संशोधन संस्थेत तयार करण्यात आलेली लस. कर्करोगासाठी स्थापन झालेल्या संस्थेचे नाव कुष्ठरोगावरील लसीस मिळावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील हान्सेन यांनी १८७३ साली शोधून काढला. परंतु इतर अनेक जंतूंप्रमाणे तो कृत्रिम माध्यमावर वाढत नाही. त्यामुळे लस करावयाची तर जंतू आणावयाचे कोठून, हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला. परळ येथे १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे (इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर) संचालक वसंत रामजी खानोलकर हे विकृतिविज्ञ असून, कुष्ठरोगात तंत्रिकांवर होणाऱ्या परिणामांचा त्यांनी सखोल अभ्यास केला होता. त्यांनी व त्यांचे सहकारी सी. व्ही. बापट आणि कमल रणदिवे यांनी गाठाळ कुष्ठाच्या रोग्यांपासून मिळविलेले जंतू मानवी गर्भाच्या तंत्रिका-गुच्छिकांच्या संवर्धनात वाढविले व १९५८ साली ते प्रसिद्ध केले. केंद्राच्या नावातील आद्याक्षरांवरून या जंतूंना आयसीआरसी हे नाव पडले. ते प्रत्यक्ष कुष्ठजंतू नसून मायकोबॅक्टिरियम एव्हियम–इंट्रासेल्युलेअर या गटातील आहेत, असे पुढे दिसून आले. तरीही हे श्रम वाया गेले नाहीत. कारण या जंतूंचे व कुष्ठजंतूंचे काही प्रतिजन सारखे आहेत.

कुष्ठरोगाचे स्वरूप मुख्यतः रोग्याच्या कोशिकीय प्रतिरक्षेवर ठरते. हे जंतू महाभक्षी कोशिकांच्या आतच राहतात, म्हणून रक्तातील प्रतिपिंडांचा त्यांच्यावर फारसा इलाज चालत नाही. टी-लसीका कोशिका, तसेच नैसर्गिक मारक कोशिका, गॅमा इंटरफेरॉन नावाचे प्रथिन स्रवतात. ते महाभक्षी कोशिकेच्या पृष्ठावरील ग्राहीस चिकटले की आतील जाक एंझाइमे उद्दीपित होतात. ती स्टॅट-१ या प्रथिनास फॉस्फेट जोडतात आणि ते प्रथिन केंद्रकात जाऊन जंतुनाशक यंत्रणेची जनुके कार्यान्वित करते. गाठाळ कुष्ठात कुष्ठजंतूंना उद्देशून हा संदेश मुळातच अत्यंत क्षीण असतो. जंतू अमाप वाढतात आणि लेप्रोमीन चाचणी नकारात्मक येते.

म. ग. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी मारलेल्या आयसीआरसी जंतूंची लस अशा रोग्यांना टोचली. अनेकांची लेप्रोमीन चाचणी सकारात्मक झाली, हा निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाला. जी प्रतिरक्षा कायमची हरपली असे मानले जाई, ती काही अंशी जागविता येते, हे त्यावरून दिसले. तमिळनाडूतील चिंगलपुट भागात १९९१ पासून १,७१,४०० व्यक्तींवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत या लसीने ६५·५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली जाहीर झाले. बीसीजी व मृत कुष्ठजंतू यांच्या मिश्रणाने ६४, तर केवळ बीसीजीने ३४·१ टक्के संरक्षण मिळाले होते.

एवढे यश मिळूनही या लसीचा सार्वत्रिक वापर झाला नाही. बहुऔषध उपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्येच केली होती व त्यांनी रुग्णसंख्या झपाट्याने घटली. लस कसोटीस उतरेपर्यंत तिची निकड ओसरली होती. भारतातील प्रमाण डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांमागे एकाहून कमी झाले. नवे रुग्ण महाराष्ट्रात त्यानंतरही आढळत राहिले आहेत.