गुडघ्यातलं दुःखी त्रिकूट

मैदानात कुणाचा गुडघा गेला की आपण लगेच विचारतो, ‘एसीएल का?’ जणू गुडघ्यात एकच लिगामेंट असतं! मुख्य चार असतात, आणि जोराचा पीळ बसला तर एकाच वेळी दोन-तीन जाऊ शकतात.

१८९५ साली इंग्लंडमधल्या लीड्सच्या मेयो रॉब्सन या सर्जनने एका खाणकामगाराचा गुडघा उघडला. अंगावर माती कोसळून त्याची दोन्ही क्रूसिएट लिगामेंट्स तुटली होती. एमआरआय सोडाच, एक्स-रेसुद्धा जगाला माहीत नव्हता. रॉब्सनने दोन्ही लिगामेंट्स शिवली. ६ वर्षांनी तो माणूस लंगडत नव्हता!

१९५० मध्ये अमेरिकेत डॉन ओ’डोनोग्यू यांनी फुटबॉलपटूंमधलं त्रिकूट मांडलं: एसीएल, आतल्या बाजूचं एमसीएल आणि आतली गादी, म्हणजे मेनिस्कस. नाव पडलं ‘अनहॅपी ट्रायड’. त्यांचा आग्रह एकच, लवकर ऑपरेशन करा.

गंमत बघा, १९९१ मध्ये शेलबोर्न आणि निट्झ यांनी दाखवलं, की अशा जोड-दुखापतीत बाहेरची गादी जास्त वेळा फाटते. नाव मात्र तेच चिकटून राहिलं.

आज एमसीएल बहुतेक वेळा ब्रेस लावून भरून येतं. पण बाहेरच्या बाजूची लिगामेंट्स तुटलेली असताना फक्त एसीएल बसवलं, तर सगळा ताण त्या नव्या एसीएलवर येतो आणि तेही तुटू शकतं. म्हणून एमआरआय हातात असला तरी चांगला डॉक्टर गुडघा चारही बाजूंनी हलवून बघतोच.