सात स्त्रिया आणि एक चुकीचें नांव

मूल न होणाऱ्या स्त्रीचा दोष आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तिच्या नशिबांत शोधला गेला. वैद्यकानें तो तिच्या अंडाशयांत शोधला, आणि तेथें जें दिसलें त्यालाच रोग समजून तें बराच काळ थांबलें. ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ हें नांव त्या थांबण्याचीच खूण आहे.

इटलींतील आंतोनिओ व्हालिस्नेरी या वैद्यकपंडितानें १७२१ सालीं एका तरुण, विवाहित, अपत्यहीन शेतकरी स्त्रीची नोंद केली. ती कांहीशी स्थूल होती. तिचे दोन्ही अंडाशय मोठे, उंचसखल आणि कबुतराच्या अंड्यासारखे पांढुरके होते. या लक्षणांना एका रोगाचें रूप येण्यास मात्र दोनशें वर्षें जावीं लागलीं.

१९३५ सालीं शिकागोच्या मायकेल रीज रुग्णालयांतील आयर्व्हिंग स्टाइन व मायकेल लेव्हेंथल यांनीं सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचा मासिक ऋतु बिघडलेला किंवा बंद होता. कांहींच्या अंगावर राठ केस होते, कांहीं स्थूल होत्या, पण सगळ्याच नव्हत्या. सोनोग्राफी तेव्हां नव्हती. स्टाइन पोटांत वायु भरून क्ष-किरणांनीं अंडाशयांची छाया टिपीत असे. या दोघांनीं प्रत्येक अंडाशयाचा निम्म्याहून अधिक भाग पाचरीसारखा कापून काढला. सातही जणींचा ऋतु परतला. दोघींना दिवस गेले! अंडाशयावरील जाड आवरणामुळें स्त्रीबीज बाहेर पडत नाहीं, असा त्यांनीं तर्क केला. अवघ्या सात रुग्णांवर उभारलेला हा तर्क पुढें टिकला नाहीं. पण ज्यांना आशा उरली नव्हती त्यांना ती मिळाली, हें विसरून चालणार नाहीं. तिची किंमतहि होती. शस्त्रक्रियेनंतर आंतील भाग पुष्कळदां एकमेकांस चिकटत, आणि गर्भधारणेला नवाच अडथळा उत्पन्न होई.

१९६१ सालीं रॉबर्ट ग्रीनब्लॅट यांनीं क्लोमिफिन या औषधानें स्त्रीबीज सुटतें असें दाखविलें, आणि सुरी मागें पडूं लागली. खरी कलाटणी १९८० च्या सुमारास मिळाली. या स्त्रियांच्या रक्तांत पुरुषी अंतःस्रावांबरोबर इन्सुलिनहि वाढलेलें आढळलें. जादा इन्सुलिन अंडाशयास पुरुषी स्राव करण्यास चेतवितें, आणि बीजाची वाढ अर्ध्यावर थांबते. म्हणजे ज्यांना ‘गांठी’ म्हटलें गेलें तीं बीजाचीं खुंटलेलीं पुटकें होत. हें नांव दिशाभूल करतें, तें बदलावें, असें अमेरिकेंतील एका सरकारी तज्ज्ञमंडळानें डिसेंबर २०१२ मध्यें स्पष्ट सांगितलें.

निदानाचा नियम २००३ सालीं रॉटरडॅम येथें ठरला: अनियमित ऋतु, पुरुषी स्रावांचें आधिक्य आणि अंडाशयाचें विशिष्ट चित्र, या तिहींपैकीं दोन हवींत. थायरॉइड वगैरेंचे विकार आधीं वगळावे लागतात. तेव्हां चित्र निर्दोष असूनहि रोग असूं शकतो. उलट, ऋतुप्राप्तीनंतर आठ वर्षांच्या आंत या चित्रावरून निदान करूं नये असें २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. सोनोग्राफीचा कागद पाहून सोळा वर्षांच्या मुलीच्या लग्नाची व मुलांची चिंता करणाऱ्या आईबापांनीं एवढें अवश्य ऐकावें.

व्यायाम व आहार, ऋतु नियमित करणाऱ्या गोळ्या, इन्सुलिनसाठीं मेटफॉर्मिन असे उपचार गरजेप्रमाणें योजतात. मूल हवें असेल तर लेट्रोझोल दिलें जातें; २०१४ च्या अमेरिकन चाचणींत तें क्लोमिफिनहून सरस ठरलें. आणि मूल झालें, किंवा नकोच असलें, तरी रक्तांतील साखर तपासत राहावी लागते. मधुमेहाचा धोका बाळंतपणानें टळत नाहीं.