सुट्टी आणि खाडा

'सुट्टी' आणि 'खाडा' हे दोन शब्द शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे पगारी रजेचा बराचसा इतिहास त्यांतच सांपडतो. दोहोंत घडतें तें एकच: मनुष्य त्या दिवशीं कामावर येत नाहीं. परंतु सुट्टी घेतली जाते, खाडा पडतो. सुट्टींत वेतन चालू राहतें, खाड्यानें तें कापलें जातें. आम्ही अध्यापक मंडळी उन्हाळ्याची सुट्टी ऋतुचक्राबरोबरच येते असें समजतों. ती कोणीं मागून घेतली, कोणाला अद्याप मिळाली नाहीं, हे प्रश्न आमच्या बैठकींत सहसा निघत नाहींत.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यानें सात ते बारा वर्षांच्या मुलांस महिन्यांतून चार सुट्ट्या दिल्या. प्रौढांस एकही नाहीं. हा अन्याय वेशीवर टांगला तो 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं. १८८४ च्या सप्टेंबरांत मुंबईस गिरणीकामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध झाला. रविवारची सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत पगार, या त्यांतील मागण्या सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांस मात्र त्यांतील आणखी एक मागणी अधिक मोलाची वाटते: कामावर जबर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावें. रविवारची मागणी विश्रांतीची होती. ही मागणी काम होत नसतांही वेतन मिळण्याच्या हक्काची होती.

रविवार मिळाला. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं तो मान्य केला, आणि खंडोबाचा वार मराठी कामगारास देवासाठीं व घरासाठीं मोकळा झाला. दुसऱ्या मागणीस १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यानें अर्धेंमुर्धें उत्तर दिलें. तें पाहण्यास लोखंडे उरले नव्हते. १८९७ च्या प्लेगांत त्यांचा अंत झाला होता.

खरी पगारी रजा त्यानंतर बऱ्याच वर्षांनीं आली. जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें १९३६ सालीं तिचा करार संमत केला; त्याच वर्षीं फ्रान्सनें आपल्या कामगारांस दोन आठवड्यांची रजा दिली. हिंदुस्थानांत डॉ. आंबेडकर मध्यवर्ती सरकारांत मजूर खातें सांभाळीत असतां, १९४५ च्या दुरुस्तीनें प्रौढ कामगारास वर्षाकांठीं दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४८ च्या कायद्यानें दर वीस दिवसांच्या कामामागें एक दिवस असें प्रमाण घातलें. १९५४ सालीं वर्षांत २४० दिवस भरण्याची अट आली.

येथें एक गोष्ट नजरेआड होऊं देतां कामा नये. १९४५ ची रजा केवळ बारमाही कारखान्यांपुरती होती. १९३४ च्या कायद्यानें ज्यांस हंगामी ठरविलें होतें त्यांत चहा, कॉफी, सरकी काढणें यांबरोबर साखर व गूळही होतीं. पुढें २४० दिवसांच्या अटीनें तेंच काम निराळ्या मार्गानें केलें. हंगामापुरता राबणारा मनुष्य हक्काच्या उंबरठ्यापर्यंत येई आणि हंगाम संपे.

कारखान्याच्या फाटकाबाहेरच्यांची तर कथाच निराळी. पुण्यांतील मोलकरणींनीं १९८० सालीं संप केला तेव्हां पगारी सुट्टी ही त्यांची एक मागणी होती. संप आमच्याच घरांविरुद्ध होता, म्हणूनच कीं काय, आमच्या इतिहासलेखनांत त्यास फारशी जागा मिळाली नाहीं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत दुधाचे आणि बाईंचे खाडे एकाच शाईनें मांडण्याची रीत अनेक घरांत आहे. दूध आलें नाहीं तर पैसे वांचावेत हें ठीक. बाईंस ताप आला तर वांचावेत काय?

साखरेच्या धंद्यांत हा भेद आणखी ठळक दिसतो. २०२१ सालीं पुणें महापालिकेंत सामील झालेल्या मांजरीस १९७५ सालीं सहकारी साखर कारखान्यांनीं स्थापिलेली, पुढें वसंतदादा पाटलांचें नांव मिळालेली संस्था आहे. उसाचें वाण, साखरेचा उतारा, कारखान्याचीं यंत्रें, सर्वांचा तेथें कसून अभ्यास होतो. अशा कारखान्यांत कायम नोकर असलेल्याचें नांव हजेरीपटावर असतें. त्याची रजा मोजली जाते. तोच ऊस फडांत तोडणाऱ्याचें नांव त्या पटावर नसतें. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून हंगामापूर्वीं उचल घ्यावयाची आणि तोडलेल्या टनांवर ती फेडावयाची. येथें खाड्याचा अर्थच बदलतो: त्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंड बसतो.

त्या दंडाची किंमत २०१९ सालीं सर्वांस कळली. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला. सरकारनें नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली; त्यांत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. विटाळाच्या वा दुखण्याच्या दिवसांत खाडा पडूं नये, हें त्यामागील एक कारण कित्येकींनीं वार्ताहरांस सांगितलें. कोणत्याही कायद्याच्या पुस्तकांत रजेचा असा हिशेब आमच्या वाचनांत आलेला नाहीं.

२०२० च्या श्रमसंहितेनें २४० दिवसांची अट १८० वर आणली, हें चांगलें झालें. परंतु उसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास लागतो आणि बहुधा वसंतांतच आटोपतो. १८० दिवस भरण्याची वानवाच. आणि भरले तरी ते कोणाच्या पटावर मांडावयाचे? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. उचलीचा आंकडा मात्र कोयत्याच्या नांवें मांडलेला असतो.