पुराची खूण

नदीकाठच्या गावांचा इतिहास लिहायचा, तर तो धरणांच्या आकड्यांआधी घरांच्या भिंतींवर शोधावा, असे मला वाटते. शिरोळ किंवा पलूस तालुक्यात जुन्या माणसाला पुराविषयी विचारा. तो फूट-इंच सांगत नाही. पाणी कोणत्या पायरीला लागले, कोणत्या वाड्याची भिंत पडली, ते सांगतो. ही आठवण हेच त्या घराचे मोजमाप असते.

सांगलीजवळ वारणा आणि नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. इथे नदीचा उतार मंद, वळणे पुष्कळ. चढलेले पाणी लवकर हटत नाही. म्हणून पूर्वी गावठाण उंचवट्यावर असे आणि काठची मळी पावसाळ्यात पाण्यासाठी मोकळी ठेवलेली असे. पूर गाळ टाकून जाई, त्यावर शाळू, हरभरा, वांगी येत. तो काळ सुखाचा होता असे नव्हे. मातीची घरे तेव्हाही विरघळत. पण ऐन श्रावणात शेतात गुंतलेला पैसा थोडा असे.

सहकारी साखर कारखाने आणि उपसा योजना आल्या आणि हे गणित बदलले. उसाने घरात पैसा आणला, मुले शिकली. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. भर पावसाळ्यात सोसायटीचे पीककर्ज, खत, मजुरी सगळे त्या सरीत असते. पोंग्यात गढूळ पाणी शिरून राहिले की ऊस कुजतो. गावठाणही पुरेनासे झाले आणि वस्त्या मळ्यात उतरल्या.

२००५ साली सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पुराची खूण प्रत्येक घराने मनात पक्की केली आणि तिथेच घात झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ‘पाचच्या सालचे पाणी इथवर आले होते, त्याच्या वर येणार नाही’ या भरवशावर अनेक कुटुंबे घरात थांबली. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अलमट्टीमुळे की पावसामुळे, हा वाद मोठा आहे. त्यात मी शिरत नाही. घरात थांबलेल्यांना तेव्हा त्याचा उपयोग नव्हता.

थांबण्याचे आणखी एक कारण गोठ्यात बांधलेले होते. दूध डेअरीला घालून आठवड्याचा बाजार भागवणारे घर म्हैस सोडून नावेत बसत नाही. अखेर निघायचे ते सगळे एकदम. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेतलेली नाव उलटली. बुडालेल्यांत बायका होत्या, मुले होती.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचले. म्हणजे सोळा वर्षांत तीन मोठे पूर.

पाणी ओसरल्यावर तलाठी पंचनाम्याला येतो, तेव्हा दुसरी उतरंड दिसते. पिकाची भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाने मिळते. तोंडी बोलीवर जमीन कसणाऱ्या वाटेकऱ्याचे नाव तिथे नसते. भांगलणीला जाणाऱ्या बाईचा बुडालेला रोज तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. आणि पुरानंतर महिना-दोन महिने त्या शिवारात भांगलण्यासारखे काही उरलेलेही नसते.