मोठी मॅच शहरात आली की हॉटेलचे भाव का भडकतात? आणि तो पैसा नेमका जातो कुठे?

२७ जून २०२३ रोजी आयसीसीने पुरुषांच्या एकदिवसीय वर्ल्ड कपचं वेळापत्रक जाहीर केलं. भारत-पाकिस्तान मॅच १५ ऑक्टोबरला अहमदाबादमध्ये होणार, असं त्यात होतं. तिकीटविक्री सुरू व्हायला तेव्हा जवळपास दोन महिने बाकी होते. तरीही त्या तारखेसाठी अहमदाबादमधल्या हॉटेलांचे भाव काही दिवसांत नेहमीच्या कितीतरी पट झाले. रूम मिळेना म्हणून काही जण तपासणीच्या नावाखाली चक्क हॉस्पिटलमधले बेड बुक करतायत, अशा बातम्याही आल्या. त्यावरचे मीम्स तुम्ही कदाचित फॉरवर्डही केले असतील.

पुढे नवरात्रीमुळे ही मॅच एक दिवस अलीकडे, १४ ऑक्टोबरला घेण्यात आली. ज्यांनी आधीच विमान आणि हॉटेल ठरवलं होतं, त्यांची पळापळ झाली.

अशा प्रत्येक मोठ्या सामन्यानंतर "शहराला इतक्या कोटींचा फायदा" अशा पोस्ट फिरतात. फायदा होतोच, यात शंका नाही. पण तो किती होतो आणि कुणाला होतो, हे समजायला हॉटेलचं गणित आधी समजून घ्यावं लागतं.

भाव एवढे का वाढतात?

साधं कारण असं, की मागणी एका रात्रीत दहापट होऊ शकते, रूम होऊ शकत नाहीत. अहमदाबादच्या नरेंद्र मोदी स्टेडियममध्ये १ लाख ३२ हजार प्रेक्षक बसू शकतात. एवढ्या लोकांपैकी थोडे जरी बाहेरगावचे असले, तरी शहरातल्या चांगल्या हॉटेलांच्या रूम अपुऱ्या पडतात. नवं हॉटेल बांधायला काही वर्षं लागतात, मॅच मात्र एका दिवसाची असते.

दुसरं कारण म्हणजे रूम हा नाशवंत माल आहे. आजची रिकामी रूम उद्या विकता येत नाही. म्हणून एरवी हॉटेलवाले भाव पाडून रूम भरतात आणि मागणी असलेल्या मोजक्या रात्री वसूल करून घेतात. मोठ्या हॉटेलांत हे काम सॉफ्टवेअर करतं. बुकिंगचा वेग वाढला की भाव आपोआप वर सरकतो.

तिसरं कारण आपल्याला दिसत नाही. प्रेक्षकांच्या आधीच बऱ्याच रूम गेलेल्या असतात. दोन्ही टीम, पंच, क्रिकेट बोर्डाचे अधिकारी, प्रक्षेपण करणारी मंडळी, स्पॉन्सरचे पाहुणे आणि पत्रकार या सगळ्यांसाठी मोठ्या हॉटेलांत मजलेच्या मजले आधीच राखून ठेवलेले असतात. उरलेल्या रूमसाठी बाकीच्यांची झुंबड उडते.

जास्त माणसं की जास्त भाडं?

समजा, एका हॉटेलात १०० रूम आहेत. एरवी ७० भरतात आणि भाडं ४ हजार रुपये आहे. म्हणजे रात्रीची कमाई २ लाख ८० हजार. मॅचच्या रात्री सगळ्या १०० रूम १२ हजारांनी गेल्या, तर कमाई होते १२ लाख.

बातमीत "१२ लाखांची कमाई" असं येईल. पण २ लाख ८० हजार तर मॅच नसतानाही मिळाले असते. खरी वाढ ९ लाख २० हजारांची. त्यातले ५ लाख ६० हजार निव्वळ भाडं वाढल्यामुळे आले, कारण त्या ७० रूम एरवीही भरल्याच असत्या. जादा भरलेल्या ३० रूमचे आले ३ लाख ६० हजार.

हा फरक महत्त्वाचा आहे. कमाई चौपटीहून जास्त झाली, पण चादरी बदलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या आणि सामान उचलणाऱ्या माणसांचं काम तेवढ्या पटीत वाढलं नाही. ७० ऐवजी १०० रूमचं काम झालं. म्हणून त्यांचा पगारही चौपट होत नाही. फार तर ओव्हरटाइम आणि थोडी जास्त टिप. वाढीचा मोठा भाग मालकाकडे जातो. मालक बाहेरगावची मोठी कंपनी असेल, तर तो पैसा शहरात राहीलच असं नाही.

सरकारलाही वाटा मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंत भाड्याच्या रूमवर ५ टक्के आणि त्याहून महाग रूमवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे तीच रूम ४ हजारांवरून १२ हजारांवर गेली, की कर २०० रुपयांवरून २,१६० रुपयांवर जातो. हे पैसे अर्थातच तुमच्या खिशातून जातात.

प्रत्येक मॅचचा फायदा सारखाच असतो का?

नाही. इथे खरा प्रश्न असतो, पाहुणा किती रात्री राहिला? त्या भारत-पाकिस्तान मॅचसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या होत्या. रात्री निघायचं, पहाटे अहमदाबाद, मॅच बघायची आणि परतीची गाडी पकडायची. अशा प्रेक्षकाचा फायदा रिक्षावाल्याला, नाश्त्याच्या गाडीला आणि टी-शर्ट विकणाऱ्याला होतो. हॉटेलला होत नाही.

पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमचंही तसंच. २०२३ च्या वर्ल्ड कपमधल्या पाच मॅच तिथे झाल्या. पण हे मैदान मुंबई-पुणे एक्सप्रेस वेच्या कडेला आहे. मुंबईचा माणूस गाडी काढतो, मॅच बघतो आणि त्याच रात्री घरी परततो.

याच्या उलट उदाहरण आहे २०२२ च्या आयपीएलचं. कोरोनामुळे साखळी फेरीच्या सगळ्या ७० मॅच मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाल्या. दहाही टीम आणि त्यांचा लवाजमा कित्येक आठवडे इथल्या हॉटेलांत मुक्कामाला होता. टीम नुसती राहत नाही. तिला जेवण, लॉन्ड्री, बस, मीटिंगसाठी हॉल हे सगळं लागतं. हॉटेलसाठी एका रात्रीच्या गर्दीपेक्षा असं गिऱ्हाईक जास्त खात्रीचं.

मॅरेथॉनचंही गणित चांगलं जमतं. शर्यत पहाटे सुरू होते आणि धावपटूचा क्रमांक आधीच्या दिवसांत घ्यावा लागतो. त्यामुळे बाहेरगावच्या धावपटूला किमान एक रात्र राहावंच लागतं. अनेक जण कुटुंबासह येतात. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या स्पर्धेचा लहान शहराला होणारा उपयोग यातूनच येतो. तिथे येणाऱ्यांना कासचं पठार बघायला आणखी एक दिवस थांबण्याचं कारणही असतं.

मग यात धोका काय?

पहिला धोका, ठिकाण ऐनवेळी बदलण्याचा. २०२५ च्या आयपीएलची फायनल २५ मे रोजी कोलकात्यात होणार होती. स्पर्धा मध्येच थांबली, वेळापत्रक बदललं आणि फायनल ३ जूनला अहमदाबादला गेली. त्याच वर्षी महिला वर्ल्ड कपच्या मॅच बंगळुरूऐवजी नवी मुंबईला देण्यात आल्या. हा निर्णय स्पर्धा सुरू व्हायच्या जेमतेम पाच आठवडे आधी झाला. फायनल तर पाकिस्तान पोहोचलं असतं तर कोलंबोत झाली असती. शेवटी २ नोव्हेंबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून कप जिंकला. एका शहराची बुकिंग अशी दुसऱ्या शहराकडे जाते.

दुसरा धोका, नेहमीची गिऱ्हाइकं पळण्याचा. गर्दी आणि महागाईच्या भीतीने इतर पर्यटक त्या शहराकडे फिरकत नाहीत. लंडन ऑलिम्पिकच्या वेळी, ऑगस्ट २०१२ मध्ये, ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनी कमी होती. आलेल्यांनी खर्च मात्र जास्त केला. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकआधी एअर फ्रान्स-केएलएम या विमान कंपनीने १६ ते १८ कोटी युरोंचा फटका बसेल असं जाहीर केलं होतं, कारण लोक त्या काळात पॅरिसला जाणं टाळत होते.

तिसरा धोका सगळ्यात महागात पडतो. दोन आठवड्यांच्या गर्दीवर विसंबून हॉटेलं बांधायची आणि मग ती रिकामी राहायची. नॉर्वेतल्या लिलेहामर या छोट्या गावात १९९४ मध्ये हिवाळी ऑलिम्पिक झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत तिथल्या मोठ्या हॉटेलांपैकी सुमारे ४० टक्के हॉटेलांचं दिवाळं निघालं.

२०२२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी कतारने नव्या हॉटेलांसोबत वेगळा मार्गही वापरला. दोहाच्या बंदरात क्रूझ जहाजं आणून उभी केली, तात्पुरत्या केबिन उभारल्या आणि दुबईहून रोज ये-जा करणारी विमानं ठेवली. स्पर्धा संपली, जहाजं निघून गेली.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या आहेत. त्यामुळे किती रूम कायमच्या बांधायच्या आणि किती तात्पुरत्या उभारायच्या, हा प्रश्न आता आपल्याकडेही आहे.

"इतक्या कोटींचा फायदा" ही पोस्ट दिसली तर काय तपासाल?

- आकडा एकूण कमाईचा आहे की नेहमीपेक्षा झालेल्या वाढीचा?
- प्रेक्षक बाहेरगावचे होते की त्याच शहरातले? पुणेकराने पुण्यात मॅचवर खर्च केलेले पैसे त्याने एरवीही सिनेमा किंवा हॉटेलिंगवर घालवले असते.
- पाहुणे सरासरी किती रात्री राहिले?
- स्पर्धेच्या आधी आणि नंतरच्या आठवड्यांत रूम रिकाम्या होत्या का?
- बंदोबस्त, रस्ते आणि स्टेडियमवरचा सरकारी खर्च वजा केला आहे का?

आणि तुम्ही स्वतः मॅचला जाणार असाल, तर तिकीट हातात येण्याआधी फक्त मोफत रद्द करता येणारी रूमच घ्या. किमान दोन रात्रींची अट आहे का, ते वाचा. भाव करासह आहे की कराशिवाय, हेही बघा. स्टेडियमजवळचा भाव परवडत नसेल तर तासाभराच्या अंतरावरचं गाव बघा, पण मॅच संपल्यावर रात्री तिथे पोहोचायला काय वाहन मिळेल, हे आधी विचारून ठेवा.